गोव्याहून विमानाने: अंतर आणि वेळेचा तक्ता, कामाच्या नोंदी

१६ जून २०२५

तक्त्याचं काम आजपासून हातात घेतलं. डिचोली बाजारातल्या आमच्या तिकीट ऑफिसात रोज तेच प्रश्न येतात. दिल्लीला किती वेळ लागतो? मुंबई विमानाने किती किलोमीटर? दुबईला जाताना दोन तास आणि येताना साडेचार तास कसे? आम्ही प्रत्येकजण आपापल्या अंदाजाने उत्तर देतो आणि दोघांची उत्तरं जुळत नाहीत. काऊंटरमागच्या भिंतीवर मराठीत एक मोठा तक्ता लावायचा, आकडे स्वतः मोजून घालायचे, आणि हे चवथीच्या गर्दीआधी पुरं करायचं, असं ठरलं.

पहिला निर्णय लगेच झाला. तक्त्यात 'गोवा' असा एकच रकाना नको. दाबोळी वेगळं, मोपा वेगळं. गेल्या हंगामात मये गावचं एक वयस्क जोडपं मुलाने मोबाईलवर पाठवलेलं तिकीट घेऊन दाबोळीला पोचलं आणि विमान होतं मोपाहून. तिकिटावर 'गोवा' हा शब्द ठळक, विमानतळाचं नाव बारीक. त्या दोघांचं विमान गेलं. तेव्हापासून हा तक्ता माझ्या डोक्यात आहे.

दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. शेवटचं एक अक्षर तेवढं वेगळं. मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं सुटू लागली. म्हणजे दोन विमानतळांची सवय गोव्याला अजून नवीनच आहे, आणि बाहेरून तिकीट काढून पाठवणाऱ्या मुलांना तर त्याहून नवीन.

१९ जून

भाची मदतीला आली आहे. संगणकाच्या पदवीला आहे, सुट्टी संपायच्या आत गणिताचा भाग उरकून देते म्हणाली.

अंतर काढायला आधी दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश हवेत. दाबोळी १५ अंश २२ मिनिटं ५१ सेकंद उत्तर, ७३ अंश ४९ मिनिटं ५३ सेकंद पूर्व. संगणकाला हे असं चालत नाही, त्याला दशांशात लागतं. भाचीने मला पायरी पायरीने लिहून दाखवलं: २२ ला ६० ने भागायचं, ५१ ला ३६०० ने भागायचं, दोन्ही १५ मध्ये मिळवायचे. उत्तर १५.३८०८. रेखांश तसाच ७३.८३१४.

"मामा, घाईत कोणी हेच १५.२२५१ आणि ७३.४९५३ असं टाकलं तर काय होईल बघ," म्हणून तिने नकाशावर तो बिंदू लावला. दाबोळीचा विमानतळ थेट अरबी समुद्रात गेला, किनाऱ्यापासून तीस किलोमीटरच्याही पलीकडे. आणि गंमत म्हणजे त्या बिंदूपासून मुंबईचं अंतर काढलं तर ते अगदी बरोबर वाटावं असंच येतं. आकडा पाहून संशय येत नाही, नकाशा पाहिल्यावरच कळतं. म्हणून नियम केला: प्रत्येक विमानतळ सूत्रात जाण्याआधी नकाशावर लावून बघायचा, धावपट्टीवर बिंदू पडला तरच पुढे.

मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद, दुबई घेतले. लिस्बन आणि लंडन मी मुद्दाम घातले. आमच्याकडे ते प्रश्न येतात.

२३ जून

सूत्र हॅवरसाईनचं. पृथ्वी गोल चेंडू धरायची, त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, आणि चेंडूच्या पृष्ठभागावरून दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर काढायचं. तक्त्याच्या फाईलमध्ये भाचीने ते एका ओळीत बसवलं.

मला ते आकडे हाताने पडताळल्याशिवाय भिंतीवर लावायचे नव्हते. जवळच्या शहरांसाठी सोपी रीत आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच, पण उत्तरेकडे जाल तसा आकसत जातो. त्याला त्या अक्षांशाच्या कोसाईनने गुणायचं. दाबोळी ते मुंबई: उत्तरेकडे ३.७१ अंश, म्हणजे ४१२ किलोमीटर. पश्चिमेकडे ०.९६ अंश, गुणिले १११, गुणिले ०.९५५, म्हणजे १०२ किलोमीटर. मग शाळेतला पायथागोरस. ४१२ चा वर्ग, १०२ चा वर्ग, बेरीज, वर्गमूळ: ४२४ आणि थोडं वर. फाईलमधलं उत्तर ४२५. वही आणि संगणक जुळले याचं खरोखर समाधान वाटलं.

पहिले आकडे असे. मुंबई: दाबोळीहून ४२५, मोपाहून ३८६. पुणे: ३५६ आणि ३१६. दिल्ली: १,५०४ आणि १,४६४. उत्तरेकडच्या शहरांना मोपा चाळीस किलोमीटरने जवळ, कारण दोन विमानतळांमध्ये सरळ रेषेत अंतर तेवढंच आहे आणि मोपा जवळजवळ नेमकं उत्तरेला. पण बंगळुरू बघा: दाबोळीहून ४८३, मोपाहून ५०२. उलटं झालं. तक्त्यात वेगळे रकाने हवेतच, हे आकड्यांनीच सांगितलं.

२७ जून

आज तारवटी काका ऑफिसात बसले होते. आयुष्यभर जहाजावर, आता पैरे डोंगराच्या वाटेवर घर बांधून राहिलेत. मुलगा दोह्याला, त्याच्या तिकिटासाठी येतात. भिंतीजवळ पडलेला कच्चा तक्ता त्यांनी उचलला आणि पहिलाच प्रश्न, "सागरी मैल कुठे आहेत रे?"

मी म्हटलं, काका, लोकांना किलोमीटर कळतात. ते म्हणाले, "लोकांना कळू दे, पण तुला कळायला पाहिजे." आणि त्यांनी समजावलं ते लिहून ठेवतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. एका अंशात साठ. जहाजावर नकाशावरून अंतर घेताना कर्कटक दोन बिंदूंवर ठेवायचा आणि तो तसाच उचलून नकाशाच्या डाव्या-उजव्या कडेवर, अक्षांशाच्या पट्टीवर मोजायचा. वरच्या-खालच्या कडेवर कधीच नाही, कारण तिथला अंश प्रत्येक ठिकाणी वेगळ्या लांबीचा. आणि कडेवर मोजतानासुद्धा आपण ज्या अक्षांशावर आहोत त्याच्याच शेजारी. बोटांनी हवेत कर्कटक धरून त्यांनी ते करून दाखवलं, आणि ते करताना त्यांचा हात जराही हलत नव्हता.

विमानाचा वेगही याच मापात, नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. दाबोळी–मुंबई २२९ सागरी मैल. हॅवरसाईन हे नावही दर्यावर्दी लोकांच्या शिक्षणातूनच आलेलं आहे, जेम्स इनमन या इंग्रज शिक्षकाने १८३५ मध्ये रूढ केलेलं. काकांनी हॅवरसाईनची कोष्टकं तरुणपणी वापरली आहेत. आमच्या फाईलमधली ती एक ओळ त्यांनी कागद-पेन्सिलीने सोडवलेली आहे, भर समुद्रात, जहाज डोलत असताना.

सागरी मैलांचा बारीक रकाना तक्त्यात घालायचा.

४ जुलै

पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्ताकडची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडची ६,३५७. जीपीएस ज्या आकारावर चालतं, त्या डब्ल्यूजीएस-८४ वर भाचीने सगळे आकडे पुन्हा काढले. मुंबई ४२५ ची ४२३ झाली. दिल्ली पाच-सहा किलोमीटरने कमी झाली. बंगळुरू मात्र हललं नाही. आपल्या भागात उत्तर-दक्षिण अंश चेंडूच्या हिशेबापेक्षा किंचित छोटा आणि पूर्व-पश्चिम अंश किंचित मोठा पडतो. तिरप्या वाटेवर दोन्ही फरक एकमेकांना खाऊन टाकतात.

दोन किलोमीटर म्हणजे विमानाला नऊ-दहा सेकंद. तक्त्यावर पाचाच्या पटीत आकडे लिहायचे ठरवलं. मुंबई ४२५ / ३८५, पुणे ३५५ / ३१५, दिल्ली १,५०० / १,४६०, बंगळुरू ४८५ / ५००. आधी दाबोळी, मग मोपा. अंतराचं काम इथे संपलं. ही गोष्ट एकदा मोजली की कायमची, ऋतू बदलो की कंपनी बदलो.

११ जुलै

आता वेळ. खरं काम इथे आहे.

एअरबस ए३२० उंचावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातं. ४२५ भागिले ८३०, म्हणजे एकतीस मिनिटं. तिकिटावर मात्र सव्वा तास, कधी त्याहून जास्त. मग वरचा पाऊण तास जातो कुठे? आमच्या काऊंटरवर हाच प्रश्न लोक वेगळ्या शब्दांत विचारतात: "लवकर पोचलो, तरी आत बसवूनच ठेवलं."

तिकिटावरची वेळ ही चाकं हलल्यापासून चाकं थांबेपर्यंतची. विमान जागेवरून मागे ढकललं जातं तिथून सुरू, आणि मुंबईत दरवाजासमोर उभं राहतं तिथे संपते. भाचीने विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर दाबोळी–मुंबईची बरीच उड्डाणं पाहून ठेवली. हवेत ती पाऊण तासाच्या आसपासच असतात, बाकीचा वेळ जमिनीवर.

एक उड्डाण आज आम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. मागे ढकलणं, इंजिन सुरू, धावपट्टीच्या टोकापर्यंत सावकाश चाल. उड्डाण झालं ते समुद्राकडे, मग उजवीकडे वळण. दहा हजार फुटांखाली वेगाची मर्यादा २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, त्यामुळे पहिली काही मिनिटं पूर्ण वेग नाहीच. रत्नागिरीच्या बाजूला येईपर्यंत चढणं चालू. वर स्थिर झालं आणि थोड्याच वेळात उतरणं सुरू, कारण तेवढ्या उंचीवरून खाली यायला शे-दोनशे किलोमीटर लागतात. पूर्ण वेगाने सरळ जाण्याचा तुकडा या वाटेवर अगदी लहान. त्यानंतर मुंबईच्या आधी विमानाने एक लांबट फेरी घेतली, ॲपवर ती अंडाकृती रेघ स्पष्ट दिसत होती. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच काम चालतं आणि येणारी विमानं रांगेत लावावी लागतात. उतरल्यावर पुन्हा जमिनीवरची चाल.

म्हणजे प्रवास छोटा असो की मोठा, चढणं-उतरणं-वळणं-चाल यांचा एक ठरलेला हप्ता भरावाच लागतो. आम्ही तो अर्धा तास धरला आणि अंतराला ताशी ८०० ने भागलं. मुंबई: ३२ अधिक ३०, एक तास दोन मिनिटं. दिल्ली: एक तास बावन्न अधिक ३०, दोन तास बावीस. वेळापत्रकात कंपन्या यावर आणखी दहा-वीस मिनिटं ठेवतात, म्हणजे रांगेत थांबावं लागलं तरी 'वेळेवर' पोचता येतं. लोकांना लवकर पोचल्यासारखं वाटतं ते यामुळे.

तेव्हा तक्त्यात वेळेला एकच आकडा द्यायचा नाही. 'इतक्या ते इतक्या' असंच लिहायचं. मुंबई १ तास ते १ तास २५ मिनिटं. दिल्ली २ तास २० ते २ तास ५०. एकच आकडा दिसायला बरा दिसतो, पण दिल्लीला पुढची गाडी किंवा दुसरं विमान पकडणाऱ्याला त्या आकड्यावर विसंबून कसं चालेल?

१५ जुलै

पंख्याची विमानं. मोपाहून फ्लाय९१ ही गोव्याचीच कंपनी मार्च २०२४ पासून एटीआर ७२-६०० चालवते. याचा वेग ताशी ५०० च्या आसपास. गिऱ्हाईक विचारतं, "हे हळू जातं ना?" हिशेब केला. मोपा–बंगळुरू ५०० किलोमीटर: एटीआरला तासभर अधिक पंचवीस मिनिटं, जेटला अडतीस अधिक तीस. फरक सतरा मिनिटांचा. छोट्या वाटेवर वेग बराच कमी झाला तरी वेळ तेवढ्या प्रमाणात वाढत नाही, कारण तो ठरलेला हप्ता दोघांनाही आहे. लक्षद्वीपला मोपा–अगत्ती हे अंतर ५७५ किलोमीटर भरतं, तिथेही याच हिशेबाने फरक वीसएक मिनिटांचाच.

तळटीप म्हणून एक ओळ घालायची.

२२ जुलै

धो धो पाऊस, ऑफिसात कोणी नाही. दाबोळीवर वाचत बसलो.

दाबोळी हा नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. नागरी विमानं तिथे नौदलाच्या वेळा सांभाळून चालतात. सकाळचे काही तास सरावासाठी राखलेले असत, त्यामुळे दाबोळीची विमानं दुपारी आणि रात्री एकत्र दाटून यायची. कितीतरी वर्षं गोव्यात उतरायला विमानांना वर थांबावं लागायचं ते यामुळेही.

धावपट्टीची दिशा ०८/२६, म्हणजे जवळजवळ पूर्व-पश्चिम. विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उडतं आणि उतरतं. आत्ता पावसाळ्यात वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून, त्यामुळे उड्डाण समुद्राकडे. मुंबईला जाणाऱ्याचं त्यात फारसं बिघडत नाही, एक वळण आणि उत्तरेला लागला. बंगळुरूला जाणाऱ्याला मात्र आधी समुद्रावर जाऊन, पुरता मागे फिरून सह्याद्री ओलांडायचा असतो. कागदावर ४८५ किलोमीटर, प्रत्यक्षात उडालेले त्याहून नक्की जास्त. तक्त्यातलं अंतर हे जमिनीवरून ताणलेल्या दोरीचं आहे, विमानाने कापलेलं नव्हे, असं तक्त्याच्या डोक्यावरच लिहायला हवं.

२९ जुलै

लिस्बन. पोर्तुगालमध्ये नातेवाईक नाहीत असं घर आमच्या पंचक्रोशीत शोधावं लागेल, आणि थेट विमान तर नाहीच. तरी अंतर काय ते सांगता आलं पाहिजे. दाबोळी–लिस्बन ८,३४५ किलोमीटर.

भाचीने घरचा पृथ्वीगोल आणला आणि शिवणाचा दोरा. एक टोक गोव्यावर, दुसरं लिस्बनवर, दोरा ताणून धरला. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ सौदी अरेबिया आणि ईजिप्तवरून जाते. दोरा तिथून गेलाच नाही. तो इराणच्या जास्कजवळून शिरला, दक्षिण इराक, तुर्कस्तानचा दक्षिण किनारा, सिसिलीच्या उत्तरेचा समुद्र, आणि स्पेनमध्ये व्हॅलेन्सियापाशी. तिथे तो लिस्बनपेक्षाही थोडा उत्तरेला होता, मग किंचित खाली उतरून लिस्बनला टेकला. मी तो पुन्हा पुन्हा ताणून पाहिला, ढिला पडला की दक्षिणेला सरकतो, ताणला की पुन्हा व्हॅलेन्सियावर येतो. दोऱ्याखालची गावं भाचीने सूत्राने पडताळली, तीच आली.

इतक्यात काका आले. दोरा पाहून त्यांना वेगळंच आठवलं. १९५५ मध्ये पोर्तुगीजांनी दाबोळीचा विमानतळ बांधला आणि स्वतःची विमानसेवा सुरू केली, टी.ए.आय.पी. ती दमण, दीव आणि कराचीला जायची. भारताने गोव्याची नाकेबंदी केलेली, त्यामुळे बाहेरचं जग गाठायचं ते कराचीमार्गे. काकांच्या वडिलांनी ती विमानं पाहिलेली. दाबोळी–दमण सरळ रेषेत साधारण ५७० किलोमीटर, पण ती रेषा भारताच्या भूमीवरून जाते. त्यांना समुद्रावरूनच जावं लागायचं. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाई दलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. ती सेवा तिथे संपली.

वरून कोणाला जाऊ द्यायचं हा प्रश्न आजही आहे. मोपा–लंडन गॅटविक ७,५४० किलोमीटर, आणि त्याचा दोरा मकरानच्या किनाऱ्यावरून बलुचिस्तानात शिरतो. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं आहे. म्हणजे दोरा सांगतो ती वाट भारतीय कंपनीला आज उपलब्धच नाही, आखातावरून वळसा घ्यायचा. अंतर तेच, वेळ वाढलेला. लंडनपुढे तक्त्यात वेळ लिहिला तर तो पेन्सिलीनेच लिहावा लागेल.

५ ऑगस्ट

दुबई. आमच्या काऊंटरवर सर्वांत जास्त समजावून सांगावं लागतं ते हेच. दाबोळीहून २,२१० किलोमीटर, मोपाहून २,१९५.

आधी घड्याळ. दुबई आपल्या दीड तास मागे. गोव्याहून सकाळी दहाला निघून सव्वातीन तास लागले तर आपल्या घड्याळात सव्वा वाजलेला असतो, तिथे पावणेबारा. तिकीट बघणाऱ्याला वाटतं पावणेदोन तासांचा प्रवास. येताना तेवढाच प्रवास तिकिटावर पावणेपाच तासांचा दिसतो. म्हणून तक्त्यात 'घड्याळाचा फरक' हा वेगळा रकाना, लाल अक्षरात: उणे दीड तास.

मग वारा. हा भाग मला सगळ्यांत आवडला. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, हिमालयाच्या दक्षिणेला त्याचा मुख्य झोत. समजा दुबईच्या वाटेवर तो ताशी ७० किलोमीटर आहे. जाताना विमान ८३० ऐवजी जमिनीच्या हिशेबाने ७६० ने पुढे सरकतं: दोन तास पंचावन्न. येताना ९००: दोन तास सत्तावीस-अठ्ठावीस. जाण्या-येण्यात अर्ध्या तासाचा फरक, हा फक्त हवेतला.

पावसाळ्यात मात्र दक्षिण भारतावर बारा ते सोळा किलोमीटर उंचीवर वारा उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. या पूर्वेच्या झोताचा अभ्यास १९५० च्या दशकात पी. कोटेश्वरम या आपल्याच हवामानशास्त्रज्ञाने केला. प्रवासी विमानं दहा-बारा किलोमीटरवर, म्हणजे या झोताच्या खालच्या काठावर असतात, तिथे जोर कमी, पण दिशा तीच. म्हणजे चवथीला दुबईहून घरी येणाऱ्या माणसाला हिवाळ्यातला तो पाठीचा वारा मिळत नाही, झालाच तर समोरून लागतो. नाताळला येणाऱ्याला तोच वारा ढकलत आणतो. दिल्लीच्या वाटेवर हा फरक जाणवत नाही, कारण वारा तिथे बाजूने लागतो.

काकांना सांगितलं तर म्हणाले, "समुद्रात प्रवाह, वर वारा. गणित तेच." दुबईला तक्त्यात दोन ओळी: पावसाळा, हिवाळा.

१२ ऑगस्ट

उरला तो घर ते विमानतळ हा तुकडा. याशिवाय तक्ता अपुरा आहे असं माझं ठाम मत, आणि ऑफिसात याच्यावर बरीच चर्चा झाली. काहींचं म्हणणं, तिकीट आपण विमानाचं देतो, रस्त्याचं नाही. पण मोपाहून मुंबई चाळीस किलोमीटरने जवळ म्हणजे हवेत तीन मिनिटं वाचली. तीच चाळीस किलोमीटर रस्त्यावर आली तर पुलांवरून, वाहतुकीतून तासाच्या वर जातात. माणसाचा वेळ कुठे जातो ते सांगायचं नसेल तर तक्ता कशाला?

काणकोणहून दाबोळी सरळ रेषेत पन्नासच्या आत, मोपा ऐंशीच्या वर, आणि रस्ता त्याहून खूप लांब. तिथल्या माणसाने स्वस्त तिकीट पाहून मोपा घेतलं तर पहाटेच घर सोडावं लागणार. सावंतवाडीकराचं उलट: मोपा सरळ रेषेत अठराएक किलोमीटर, दाबोळीचा विचारही करू नये. डिचोली मधोमध आहे, आम्हाला दोन्ही चालतात, पण मोपा सोयीचं. पणजीकराला हल्ली मोपाला जाताना पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामातून वाट काढायची आहे, तर दाबोळीला जाताना झुवारीचा नवा पूल झाल्यापासून बराच दिलासा आहे. मोपाला धारगळहून नवा जोडरस्ता झाल्याने शेवटचा टप्पा सुधारला. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसची सोयही लिहायची.

ठरलं ते असं: तालुक्यांची एक छोटी पट्टी तक्त्याच्या खाली, प्रत्येकापुढे 'जवळचा विमानतळ' आणि 'विमानाच्या वेळेआधी किती तास घर सोडा'. बहुतेक कंपन्या देशांतर्गत उड्डाणाचा काऊंटर तासभर आधी बंद करतात, तो तास त्यात धरलेला आहे. पावसाळ्यात अर्धा तास जास्त.

२० ऑगस्ट

म्हापशाच्या छपाईवाल्याकडून तक्ता आला. तीन फूट बाय चार. दाबोळी निळ्या पट्टीत, मोपा हिरव्या पट्टीत. अंतर छापील शाईत. वेळेच्या रकान्यावर प्लास्टिकचा पातळ पडदा लावून घेतला आहे, त्यावर पुसता येणाऱ्या पेनने लिहायचं.

भिंतीवर लावला तसे काऊंटरवरची माणसं वळून वाचायला लागली. चवथीला घरी येणाऱ्या एका मुलाची आई दुबईच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ उभी होती. "म्हणजे तो तिथून दहाला निघाला की मी जेवणाचं पान कधी मांडू?" मी तक्त्यावरूनच सांगितलं: तिथले दहा म्हणजे आपले साडेअकरा, अधिक सव्वातीन तास, मग सामान, मग मोपा ते घर तास. चारच्या आधी नको.

पुढचं काम: २६ ऑक्टोबरला हिवाळी वेळापत्रक लागू होतं. त्या आठवड्यात वेळेचा रकाना पुसून नव्याने भरायचा, दुबईची हिवाळ्याची ओळ वर आणायची, आणि दाबोळीहून मोपाला हललेली उड्डाणं तपासायची. काकांनी सागरी मैलांच्या रकान्यात अक्षांशाच्या मिनिटाची एक छोटी आकृती काढून द्यायचं कबूल केलं आहे, तिच्यासाठी उजवीकडे खाली जागा सोडली आहे.